बेसमेंटमधलं स्मार्ट मीटर आणि रेंजचा घोळ: नाशिकच्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पाथर्डी फाट्याच्या पट्ट्यातली एक सोसायटी. नाव देत नाही, माणसांचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत, बाकी घडलं ते असंच. मी तिथे राहत नाही, पण वीजबिलाच्या तक्रारींचे अर्ज लिहून द्यायला मदत करतो म्हणून सेक्रेटरी ताईंनी बोलावलं आणि पुढचं सगळं जवळून बघायला मिळालं. लिहितोय ते एवढ्यासाठी की नाशिकमध्ये बेसमेंट पार्किंगवाल्या अशा बिल्डिंगा ढिगाने आहेत, आणि सगळीकडे लोक मीटरच्या डब्यावर चिडतायत, खरी अडचण मात्र त्या डब्याच्या पुढे आहे.

दोन विंग, खाली बेसमेंट. तळमजल्यावर दुकानांचे गाळे निघावेत म्हणून बिल्डरने मीटर पॅनल बेसमेंटमध्ये रॅम्पपासून लांब, अगदी मागच्या भिंतीला दिलेत. २०२५ च्या पावसाळ्यात मीटर बदलायला वीज कंपनीने नेमलेल्या एजन्सीची पोरं आली ती भर दुपारी, अर्धी सोसायटी अंबड-सातपूरला ड्युटीवर, वॉचमनने मीटर रूम उघडून दिली, सह्या पण त्यानेच केल्या. काही घरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो निघाला, बाकीच्यांचा नाही. हा फोटो पुढे किती कामाला येणार हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

लोकांच्या मनात आधीपासून भीती होतीच. केंद्राची आरडीएसएस म्हणजे वीज वितरण सुधारायची योजना २०२१ ची, तिच्यात देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरचं टार्गेट होतं, त्यामुळे "रिचार्ज संपला की लाईट गेली" हे सगळ्यांनी ऐकलेलं. मग जून २०२४ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केलं की सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही. आता जे बसतायत ते टीओडी मीटर, म्हणजे कुठल्या वेळेला किती युनिट जळाले ते वेगवेगळं मोजणारे, आणि बिल पूर्वीसारखंच महिना झाल्यावर. वीज नियामक आयोगाच्या आदेशाने १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सूट लागू झाली. सोसायटीतल्या बायकांनी तर वॉशिंग मशीन, मिक्सर, गीझर सगळं नऊच्या पुढे ढकलायला सुरुवातही केली होती.

अडचण काय झाली

पहिलं बिल आलं, चालू रीडिंगच्या जागी "आरएनए". म्हणजे रीडिंग मिळालं नाही. बिल सरासरीवर. पूर्वीच्या बिलावर मीटरचा फोटो तरी छापून यायचा, आता तोही नाही कारण रीडिंग घ्यायला माणूस येणंच बंद झालंय. दुसरं बिलही तसंच, आणि दिवसाच्या सवलतीच्या रकान्यात शून्य. तिसऱ्या महिन्यात काही घरांना एकदम मोठी बिलं आली, सगळे युनिट एकाच महिन्यात धरलेले.

इथे स्लॅबचं गणित समजून घ्यायला हवं. आपल्याकडे पहिले १०० युनिट स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, त्याच्या वर अजून महाग. एखाद्या घराने तीन महिन्यांत ४५० युनिट वापरले तर महिन्याला १५० पडतात, पण तेच ४५० एका महिन्यात दाखवले की दीडशे युनिट थेट तिसऱ्या स्लॅबमध्ये जातात. वीज तेवढीच वापरली, पैसे मात्र जास्त. एका घरात पोराचं वर्क फ्रॉम होम आणि नवीन एसी, त्यामुळे सरासरी बिल कमी आलेलं आणि तिसऱ्या महिन्यात सगळं एकदम अंगावर आलं. बी विंगच्या एक काकू मुलीकडे पुण्याला गेलेल्या, घर बंद, तरी त्यांना नेहमीएवढं सरासरी बिल. दोघांचंही म्हणणं एकच, मीटर पळतंय.

मीटर पळत नव्हतं. सोसायटीत दूरसंचार खात्यातून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांनी मोबाईलवर सिग्नल मोजायचं अ‍ॅप टाकलं आणि ताईंना आणि मला घेऊन बेसमेंटमध्ये उतरले. हा आकडा डीबीएममध्ये येतो, उणे जितका मोठा तितकी रेंज कमी. लिफ्टच्या दाराशी उणे ९५ डीबीएमच्या आसपास, रॅम्पच्या वळणावर उणे १०८, पॅनलच्या भिंतीपाशी उणे ११९ आणि दोन पावलं पुढे गेलं की "नो सर्व्हिस". काका म्हणाले, "इथून माणसाचा फोन लागत नाही, मीटरचा कसा लागेल?"

स्मार्ट मीटरचे दोन भाग असतात हे लोकांना कुणी सांगतच नाही. एक भाग युनिट मोजतो आणि स्वतःच्या मेमरीत ठेवतो. दुसरा भाग म्हणजे कम्युनिकेशन मॉड्यूल, आत सिम, तो ही माहिती सर्व्हरला पाठवतो. रेंज गेली तरी मोजणं बंद पडत नाही, फक्त निरोप पोचत नाही. आणि मेमरी अमर्याद नाही, दर पाव किंवा अर्ध्या तासाला जी बारीक नोंद होते ती काही आठवड्यांनी नव्या नोंदीखाली पुसली जाते. महिनाअखेरची बेरीज मात्र, वेळेच्या टप्प्यांप्रमाणे, बरेच महिने टिकते. हा फरक पुढे निर्णायक ठरला.

तक्रार करायला गेलं की वीज कंपनीच्या सब-डिव्हिजन ऑफिसात सांगायचे हे एजन्सीचं काम. एजन्सीचा सुपरवायझर म्हणायचा सिमवाल्या कंपनीची रेंज नाही, आम्ही काय करणार. आणि मोबाईल कंपनीच्या कस्टमर केअरला सिमचा नंबर सांगितला तर तो त्यांच्याकडे घेतलाच जाईना, कारण मशीनच्या सिमला आपल्याकडे १३ आकडी नंबर असतो आणि त्या सिमची ग्राहक सोसायटी नसून एजन्सी. तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं, आणि तरी बिल भरायचं ते काकूंनीच.

वीज कंपन्या टेलिकॉममध्ये का घुसतात

पहिल्या मीटिंगमध्ये अर्धा तास याच विषयावर गेला. ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होतं की वीजवाल्या मोठ्या ग्रुपने मोबाईल स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरी वापरायचे हक्क, घेतलेत, आता वीज, फोन आणि आपला डेटा सगळं एकाच मालकाच्या खिशात. त्यातलं खरं किती ते मी तिथे मांडलं, इथेही मांडतो, कारण प्रश्न अगदीच फालतू नाही.

२०२२ च्या लिलावात अदानी ग्रुपने २६ गिगाहर्ट्झ बँडमध्ये ४०० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम २१२ कोटींना घेतला हे खरंय. स्वतःची बंदरं, विमानतळ, वीजव्यवसाय यांच्यासाठी खाजगी नेटवर्क उभं करायचं असं तेव्हा सांगितलं होतं. पण २०२५ मध्ये त्या स्पेक्ट्रमचे हक्क एअरटेलकडे द्यायचा करार झाला. शिवाय तो बँड इतका वरचा आहे की त्याच्या लहरी साधी भिंत नीट पार करत नाहीत, बेसमेंटमधल्या मीटरला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट २०२४ मध्ये अदानींच्या दोन कोटींवर स्मार्ट मीटरसाठी कनेक्टिव्हिटी द्यायचं काम एअरटेलनेच घेतलं. म्हणजे आपल्याकडे सध्या चाललंय ते नेटवर्क भाड्याने घेणं.

आधी मात्र विकत घेणंही झालंय. २००२ मध्ये व्हीएसएनएल ही सरकारी टेलिकॉम कंपनी टाटांकडे गेली तेव्हा ज्या कंपनीमार्फत तो हिस्सा घेतला तिच्यात टाटा पॉवरचेही पैसे होते. पॉवरग्रिड या सरकारी वीजवहन कंपनीने तर हायटेन्शन टॉवरच्या सगळ्यात वरच्या अर्थ वायरमध्येच फायबर टाकून टेलिकॉमचा धंदा उभा केला. इटलीच्या एनेल या वीज कंपनीचं उदाहरण अजून मोठं आहे. १९९७ ला फ्रेंच आणि जर्मन टेलिकॉम कंपन्यांबरोबर विंड नावाची फोन कंपनी काढली, मग इन्फोस्ट्राडा ही दुसरी फोन कंपनी विकत घेतली, २००५ मध्ये त्यातून बाहेर पडायला लागली. याच काळात सुमारे तीन कोटी घरांत रिमोट रीडिंगची मीटर बसवली, आणि ती मीटर जवळच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत विजेच्या तारेतूनच निरोप पाठवायची, मोबाईल नेटवर्क लागायचं ते तिथून पुढे. पुढे मीटरची दुसरी पिढी आली तेव्हा २०१५ ला फायबरची वेगळी कंपनी काढली, २०१६ मध्ये मेट्रोवेब ही फायबर कंपनी घेतली, आणि २०२१ ला तोही हिस्सा विकून टाकला.

जर्मनीत वेगळा रस्ता धरला गेला. तिथे ४५० मेगाहर्ट्झचा बँड २०२१ मध्ये ४५०कनेक्ट या कंपनीला मिळाला आणि तिची मालकी वीज कंपन्यांकडेच आहे, ई.ऑन आणि नेदरलँड्सची अलिअँडर वगैरे. एवढ्या खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात, जाड भिंतीतून तळघरात पण उतरतात, आणि त्यांच्याकडे मीटर तळघरातच असतात. ब्रिटनमध्ये मीटरच्या निरोपांसाठी एकच मध्यवर्ती संस्था नेमली, उत्तरेकडे अर्किवाचा लांब पल्ल्याचा रेडिओ आणि मध्य-दक्षिणेत टेलिफोनिकाचं मोबाईल नेटवर्क.

काका हे ऐकून एकदम म्हणाले, "म्हणजे तिकडे पण आमच्यासारखाच बेसमेंटचा प्रॉब्लेम होता, त्यांनी तो नेटवर्कच्या पातळीवर सोडवायला घेतला." मला ते फार पटलं. नेटवर्क वीज कंपनीच्या मालकीचं असावं की नाही हा वाद मोठा आहे, एनेलने घेतलं आणि विकलं, पुन्हा घेतलं आणि पुन्हा विकलं. पण निरोप पोचला नाही तर जबाबदार कोण हे या देशांत निदान ठरलेलं असतं. आपल्याकडे २०१९ पर्यंत मोबाईल कंपन्याच एकमेकींत विरघळल्या, एअरसेल बुडाली, व्होडाफोन-आयडिया एक झाल्या, टेलिनॉर आणि मग टाटांची मोबाईल सेवा एअरटेलमध्ये गेली, त्यामुळे एका सिमची रेंज नसली तर दुसरं लावायला पर्यायही मोजकेच उरलेत.

कोणते पर्याय समोर होते

तरुण पोरांचं म्हणणं, मीटर काढून टाका म्हणून मोर्चा न्यायचा आणि बिल कुणीच भरायचं नाही. राग समजण्यासारखा होता, पण जुनी मीटर परत येणार नव्हती आणि बिल थकलं की कनेक्शन कापायची नोटीस घराघरात आली असती. वीज ग्राहक हक्क नियम २०२० मध्ये एक तरतूद आहे, दोन बिलांच्या वर सरासरी बिलं चालू राहिली तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक रक्कम द्यायला नकार देऊ शकतो. पण आमच्याकडे दोन सरासरी बिलांनंतर तिसरं "प्रत्यक्ष" बिल येऊन बसलं होतं, त्यामुळे त्या तरतुदीवर सगळ्यांची वीज पणाला लावणं मला धोक्याचं वाटलं आणि तसं मी स्पष्ट सांगितलं.

दुसरा पर्याय एका दुकानदार सभासदाने आणला, एम.जी. रोडवरून सिग्नल बूस्टर. दोन दिवसांत बसवून देतो म्हणाला, वर्गणी काढायची तयारीही झाली. काकांनी तिथल्या तिथे थांबवलं. परवानगीशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे, टेलिकॉम खातं जप्त करतं, आणि त्याने आजूबाजूच्या टॉवरला त्रास होऊन सगळ्या गल्लीची रेंज बिघडू शकते. मीटरच्या भांडणात सोसायटी स्वतःच आरोपी झाली असती.

तिसरा पर्याय, पॅनल वर तळमजल्यावर हलवायचे. तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात चांगला, पण केबल, परवानगी, जागा, खर्च, आणि गाळेवाले जागा देणार नाहीत. सध्यापुरता बाजूला.

चौथा, सगळ्यांनी चेक मीटर मागायचा. त्याच ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर कंपनीने पाच दिवसांत दुसरं मीटर जोडायचं आणि किमान तीन महिने तुलना करायची. हत्यार चांगलं, पण आपली तक्रार मीटर चुकीचं मोजतंय ही आहे का निरोप येत नाही ही आहे? यावर मीटिंगमध्ये बरीच खडाजंगी झाली. सगळ्यांनी चेक मीटर मागितला असता तर कंपनीने तीन महिने तुलना करून "मीटर बरोबर आहे" असा रिपोर्ट दिला असता, तो खराही असता, आणि मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

काय केलं

ठरलं ते असं की तक्रार फक्त वीज कंपनीकडे. एजन्सी आणि सिम कंपनी यांच्याशी आपला करारच नाही, त्यांच्या मागे पळणं बंद. अर्जात "मीटर फास्ट" हा शब्द कुठेही घातला नाही. लिहिलं ते एवढंच की २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे स्मार्ट मीटरचं रीडिंग रिमोटने दिवसातून निदान एकदा घेतलं गेलं पाहिजे, ते घेतलं जात नाही, सोबत बेसमेंटमधल्या सिग्नलचे स्क्रीनशॉट, जागा आणि वेळेसह.

मागण्या चार केल्या. प्रत्येक मीटरचा एमआरआय काढून महिनाअखेरच्या टप्पानिहाय नोंदी द्या, म्हणजे मीटरच्या तोंडावरच्या ऑप्टिकल पोर्टला केबल लावून थेट डेटा काढा. त्यावरून बिल महिन्यांत विभागून स्लॅबचा फायदा द्या. दिवसाच्या युनिटांची राहिलेली सूट जमा करा. आणि मॉड्यूल बदला किंवा बाहेरून अँटेना द्या. चेक मीटर फक्त दोन घरांसाठी मागितला, जिथे जुन्या मीटरचा शेवटचा फोटोच नव्हता आणि आकडे खरंच जुळत नव्हते.

बिलं भरली, पण प्रत्येकाने "हरकत राखून" असं पत्र देऊन पोच घेतली. ज्येष्ठ मंडळींना हे पटवायला ताईंना फार बोलावं लागलं, एक आजोबा म्हणत होते चूक त्यांची तर पैसे आपण आधी का द्यायचे, आणि त्यांचा मुद्दा न्यायाचाच होता.

पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्या अर्जात लिहिलं की मुदतीत उत्तर नाही आलं तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाऊ, आणि मंचाचा फॉर्म भरून जोडूनच टाकला. त्यानंतर सब-डिव्हिजनचे एक इंजिनिअर साहेब स्वतः आले. माणूस समजूतदार. मोबाईल हातात धरून पॅनलपर्यंत गेले, रेंज जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि म्हणाले, "हे आधी कुणी दाखवलंच नाही, माझ्या स्क्रीनवर फक्त नॉन-कम्युनिकेटिंग एवढंच दिसतं."

एमआरआय काढतानाचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. टेक्निशियन पोराने प्रोब लावला, लॅपटॉपवर महिन्यांच्या ओळी एकेक करून उतरल्या, प्रत्येक महिन्यापुढे दिवसाचे, संध्याकाळचे, रात्रीचे युनिट वेगवेगळे. पुण्याला गेलेल्या काकूंच्या ओळीत त्या महिन्यात फक्त फ्रीजएवढे युनिट. काकू चष्मा लावून बघत होत्या, म्हणाल्या, "मग हे सगळं याच्या पोटात होतंच की."

निकाल

बहुतेक घरांची बिलं महिन्यांत विभागून दुरुस्त झाली आणि दिवसाची सूट पुढच्या बिलात जमा झाली. रक्कम प्रत्येक घरामागे फार मोठी नाही, दिवसा ६० युनिट वापरणाऱ्याला महिन्याला ४८ रुपये, पण स्लॅबचा फरक काही घरांना चांगलाच जाणवला. एजन्सीने मॉड्यूल बदलून दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं, ए विंगचं पॅनल त्यातल्या त्यात रॅम्पच्या जवळ असल्याने तिथे काम झालं. बी विंगला तेवढ्याने भागलं नाही, रॅम्पच्या तोंडापर्यंत केबल ओढून बाहेरचा अँटेना द्यावा लागला. चेक मीटरच्या दोन घरांपैकी एकाचा फरक मीटरचा निघालाच नाही, जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग कागदावर चुकीचं लिहिलं गेलं होतं. दुसऱ्याची तुलना अजून चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट मीटर बसवायच्या दिवशीची. पॅनलपाशी सिग्नल मोजायला पाच मिनिटं लागतात. एजन्सीने ते केलं असतं तर तिथेच कळलं असतं की अँटेना लागणार, आणि माझ्या मते हे सोसायटीने मागायची गरजच पडू नये, मीटर चालू केल्याच्या रिपोर्टमध्ये सिग्नलचा आकडा लिहिणं सक्तीचं हवं. वॉचमनच्या सहीवर मीटर बदलू देणं हे थांबवायला हवं, कमिटीतला एक माणूस हजर आणि प्रत्येक जुन्या मीटरच्या रीडिंगचा फोटो, ज्यात मीटर नंबर पण दिसेल.

अर्जाच्या बाबतीत, लोकांनी पहिले काही आठवडे फोन आणि काउंटरवरच्या भांडणात घालवले, त्याची कुठेच नोंद नाही. पहिल्याच आरएनए बिलाला लेखी अर्ज गेला असता तर बारीक नोंदी पण पुसल्या जायच्या आधी हाती लागल्या असत्या आणि नोकरीवरून रात्री येणाऱ्या घरांचे काही वाद सोडवायला त्या उपयोगी पडल्या असत्या.

चेक मीटर मोजक्याच घरांना मागायचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, काही सभासदांना वाटत नाही. त्यांचं म्हणणं सगळ्यांनी मागितला असता तर दबाव जास्त आला असता. असेलही, पण मग तीन महिने सगळ्यांची नजर चुकीच्या ठिकाणी राहिली असती.

नवीन बांधकामांबद्दल एक सांगायलाच हवं. नाशिकमध्ये अजून असंख्य टॉवर उभे राहतायत आणि मीटर रूम बेसमेंटमध्ये ढकलायची सवय काही जात नाही. फ्लॅट घेताना लोक पार्किंग बघतात, पाण्याची टाकी बघतात, मीटर रूममध्ये फोन लागतो का हे पण बघावं. आणि २०२७ च्या सिंहस्थात शहरातल्या मोबाईल नेटवर्कवर जो ताण येणार त्यात पंचवटी-तपोवनाच्या बाजूची मीटर कशी बोलणार याचा विचार एजन्सीकडून आत्ताच लिहून घ्यायला हवा.

या सोसायटीत एक मीटर अजून गप्प आहे, पाण्याच्या पंपाचं आणि लिफ्टचं कॉमन मीटर. ते पंप रूममध्ये अजून एका भिंतीच्या आड, तिथे अँटेनाची केबल पुरत नाही. त्याचं रीडिंग सध्या महिन्याला एकदा टेक्निशियन प्रोब लावून घेऊन जातो, ताई तारीख लिहून सही घेतात, आणि ते मीटर तळमजल्यावर हलवायचा अर्ज सब-डिव्हिजनला दिलेला आहे.